पद्मिनी सगळ्यांची, मारुती घरची

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनीची एकही अधिकृत टॅक्सी राहिली नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरवून दिलेलं आहे. ती वीस वर्षं भरली आणि गाडी कायद्यानं म्हातारी झाली. त्याआधी जवळजवळ दहा वर्षं, १८ जानेवारी २०१४ रोजी, मारुती ८०० चं उत्पादन गुरगावला थांबलं होतं. दोन्ही वेळा एका युगाचा अस्त झाला, असं सगळे म्हणाले.

पण कोणतं युग? या दोन गाड्यांची युगं एकमेकींपासून फार वेगळी होती. एक परवान्यांच्या आणि टंचाईच्या काळातली, दुसरी त्या काळाच्या भिंतीला पडलेल्या पहिल्या भगदाडातून आलेली. मला त्यात एक गंमत दिसते आणि ती थोडी चटका लावणारीही आहे. पद्मिनी विकत घेणारे थोडे होते, पण तिच्यात कधीच बसला नाही असा त्या काळचा मुंबईकर शोधून सापडायचा नाही. मारुती विकत घेणारे लाखांनी होते, पण तिच्यात बसली ती ज्याची त्याची माणसं. मूठभरांसाठी बनलेली गाडी सगळ्यांची झाली आणि 'लोकांची गाडी' म्हणून आलेली मात्र ज्याच्या त्याच्या घरची झाली. हे असं उलटं कसं झालं, तेच आज सांगायचं आहे.

मी मोटारींचा जाणकार नाही. कविता लिहिणारा माणूस. पण माझ्या मामूंचं भायखळ्याच्या एका गल्लीत गॅरेज होतं आणि शाळेच्या सुट्ट्या मी तिथं काढल्या आहेत. त्यामुळे मोटारीची माझी पहिली ओळख बसून नव्हे, तर वाकून झाली. उघड्या बॉनेटखाली डोकं घालून.

कवीची खोड म्हणून आधी नावांकडे बघू. 'पद्मिनी' हे नाव चितोडच्या राणीचं. ही राणी घरोघर पोचली ती एका काव्यातून, 'पद्मावत'मधून. १५४० च्या सुमारास अवधी भाषेत ते लिहिणारे मलिक मुहम्मद जायसी हे सूफी कवी होते. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला या गोष्टीचं जरा जास्त अप्रूप वाटतं, हे लपवत नाही. सोलापूरच्या एका जैन उद्योजकानं काढलेला कारखाना, इटलीतला आराखडा, आणि नाव एका सूफी कवीच्या नायिकेचं. पुढे ही गाडी मुंबईत ज्यांनी हाकली त्यांच्यातले किती तरी चालक उत्तर प्रदेशातून आलेले होते, आणि काहींची घरची बोली अवधीच होती. 'मारुती' हे नाव तर आपल्या अंगणातलं. महाराष्ट्रात वेशीवर मारुती नाही असं गाव विरळा. वाऱ्याचा पुत्र, अंगानं लहान होऊ शकणारा, उड्डाण मारणारा. छोट्या गाडीला याहून चांगलं नाव कुठून मिळणार? आणखी एक योगायोग. जायसींचं जायस हे गाव आज अमेठी जिल्ह्यात येतं, आणि ज्यांच्या हट्टातून मारुतीचा जन्म झाला ते संजय गांधी १९८० मध्ये अमेठीचेच खासदार होते.

आता इतिहासाकडे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहनं हिंदुस्थानात बनली पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा माणूस. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी, या सगळ्यांच्या मुळाशी त्यांचं नाव आहे. मोटारीच्या कारखान्याची एक योजना सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकातच तयार केली होती आणि वालचंद त्यात उतरले होते. परक्या सरकारनं मात्र दाद दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्य आणि मोटार एकाच वर्षी आली म्हणा ना!

त्यापूर्वी मुंबईत मोटारी जुळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ पासून शिवडीला जुळणीचा कारखाना चालवला होता. फोर्डही मुंबईत होती. पण सुटे भाग बाहेरून आणायचे आणि इथं नुसते जोडायचे, हा धंदा नव्या सरकारला मान्य नव्हता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं शिफारस केली की, इथं टप्प्याटप्प्यानं गाडी बनवायची तयारी असेल त्यानंच राहावं. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या त्या मोजक्या देशी कंपन्या. त्यात मोटारगाड्यांच्या बाबतीत नावं तीनच घ्यायची : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर.

प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी करार केला. फियाट ११०० ही गाडी इटलीत १९५३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी इकडेही दिसू लागली. पुढे निघालेल्या नाकामुळे लोकांनी त्या जुन्या फियाटला 'डुक्कर फियाट' म्हटलं. हे मुंबईचं प्रेम! १९६४ मध्ये ११०० डी हे सुधारलेलं रूप इथं बनू लागलं. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७२ मध्ये तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. गाडी मात्र तीच राहिली आणि लोकही तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये बंद झालं. आपल्याकडे तीच गाडी किरकोळ फरकांनी नवं शतक उजाडेपर्यंत बनत राहिली.

हे कौतुकाचं की लाजेचं? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. गाड्या थोड्या, मागणी मोठी, परदेशी गाडी आणायला बंदी. परवान्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त बनवायची सोय नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. मिळालेली नवी गाडी लगेच विकायलाही मनाई, कारण काळ्या बाजारात तिला कागदावरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. १९६९ मध्ये सरकारनं मोटारींच्या किमती कायद्यानंच बांधून दिल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ च्या निकालासाठी न्यायमूर्तींना फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड यांच्या उत्पादनखर्चाचे हिशेब तपासावे लागले. गाडीची वाजवी किंमत ग्राहकानं नव्हे, बाजारानं नव्हे, तर न्यायालयानं ठरवायची, असा तो काळ होता.

त्या काळाची दुसरी बाजूही आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी एक फियाट घेतली. किंमत १२ हजार रुपये. जवळ होते ७ हजार. उरलेले ५ हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढून उभे केले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ते ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं, ही हकिकत त्यांचे चिरंजीव अनिल शास्त्री यांनी सांगितलेली आहे. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ठेवली आहे. देशाच्या पंतप्रधानालाही मोटार घ्यायला कर्ज काढावं लागलं, यातला साधेपणा आपण नेहमी सांगतो. पण दुसराही अर्थ निघतो. पंतप्रधानाची ही कथा, तर गिरणीत काम करणाऱ्यानं, शाळामास्तरनं मोटारीचं स्वप्न तरी कशाला बघावं? आणि योगायोग असा की, कुर्ल्याचा कारखाना ज्या जुन्या आग्रा रोडवर होता, त्या रस्त्याला पुढे शास्त्रीजींचंच नाव मिळालं.

मग ही मूठभरांची गाडी सगळ्यांची कशी झाली? टॅक्सीमुळे. मुंबईत टॅक्सी १९११ पासून आहे. पण काळं अंग आणि पिवळं टप हे रूप आपल्या मनात पक्कं बसलं ते फियाटच्या अंगावर. कलकत्त्यानं अ‍ॅम्बेसेडरची टॅक्सी केली, मुंबईनं फियाटची. कारण साधं आहे. जी गाडी गावात बनते तिचे भाग गावात मिळतात. कुर्ल्याला कारखाना आणि कुर्ल्यालाच सी. एस. टी. रोडवर जुन्या गाड्या मोडून भाग विकणारी दुकानं. नवीन हवं तर नवीन, नाही तर जुनं. गाडी अ‍ॅम्बेसेडरपेक्षा आटोपशीर, गल्लीबोळांत वळणारी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, त्यामुळे पुढची जागा मोकळी. वर कॅरिअर. व्हीटीला उतरलेलं गावाकडचं कुटुंब, त्यांच्या ट्रंका, वळकट्या, आंब्याची पेटी, सगळं तिच्यात मावायचं.

आठवून बघा, या गाडीत कोण कोण बसलं. केईएम रुग्णालयाकडे रात्री दोन वाजता निघालेली बाळंतीण. लग्नाचा मुहूर्त गाठायला निघालेला नवरदेव. शेवटची लोकल चुकलेले चार अनोळखी लोक, भाडं वाटून घेणारे. ज्यांना मोटार कधीच घेता येणार नव्हती, त्यांनी आयुष्यातला पहिला मोटारप्रवास याच गाडीत केला. 'मीटर पाडा' म्हटलं की तेवढ्या वेळेपुरती गाडी तुमची. चालकही नाना मुलखांचे. पालनपूरकडून आलेले चिलिया मुसलमान, उत्तर प्रदेशातले, कोकण-साताऱ्याकडचे. एकाची गाडी, दुसरा दिवसा चालवणार, तिसरा रात्री. एका पद्मिनीवर तीन चुली पेटायच्या. आणि गॅरेजवाल्याची धरली तर चार.

त्या चौथ्या चुलीबद्दल मला जास्त माहिती आहे. मामू लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर ठेवायचे आणि त्याची मूठ कानाला लावायचे. डॉक्टरच्या नळीसारखं. कुठला व्हॉल्व्ह बोलतोय, कुठली बेअरिंग रडतेय ते त्यांना ऐकू यायचं. पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, कार्बोरेटर खोलून फुंकर मारायची, फॅन बेल्ट ताणून बघायचा. आजार मोठा असेल तर 'हाफ इंजिन' किंवा 'फुल इंजिन' बांधायचं. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. झाकलेलं, बंद केलेलं, 'आत हात घालू नका' असं काही नाही. शाळा न शिकलेली पोरं चार वर्षांत तिथं उस्ताद व्हायची. पद्मिनी ही बिघडणारी गाडी होती, पण दुरुस्त होणारी गाडी होती. तिच्या बिघडण्यावर एक अख्खी जमात जगत होती आणि त्या जमातीच्या हुनरावर ती जगत होती.

मित्रहो, आठवणींना साखर लावायची सवय असते, म्हणून हेही सांगायला हवं. पद्मिनी उकाड्यात तापायची. घाटात तिचं नाक उघडं ठेवून थांबावं लागायचं. पावसाळ्यात सकाळी चोक ओढून ओढून हात दुखायचा. स्टिअरिंग जड. ती पेट्रोल प्यायची आणि धूर ओकायची. मुंबईच्या हवेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा शहरानं जरा मोकळा श्वास घेतला. आपण तिच्यावर प्रेम केलं हे खरं, पण निवडीला दुसरं काही नव्हतं हेही तितकंच खरं. दुसऱ्या गाडीची तुलनाच नसेल तर पहिलीचे दोष हे स्वभाव वाटू लागतात.

तुलनेला दुसरी गाडी आली ती मारुती. तिची जन्मकथा मात्र सरळ नाही. सर्वसामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार देशात बनावी, ही चर्चा १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू होती. समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले, फायली फिरल्या. १९७० मध्ये अशा गाडीसाठी इरादापत्र मिळालं ते संजय गांधींना, पंतप्रधानांच्या मुलाला. १९७१ मध्ये मारुती लिमिटेड स्थापन झाली. बन्सीलाल मुख्यमंत्री असताना हरियाणात गुरगावजवळ सुमारे ३०० एकर जमीन मिळाली. पूर्ण देशी, स्वस्त गाडीचं आश्वासन होतं. वर्षं गेली, गाडी काही बाजारात आली नाही. आणीबाणी आली आणि गेली. १९७७ मध्ये जनता सरकारनं न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांचा चौकशी आयोग नेमला. कंपनी बुडाली. २३ जून १९८० रोजी संजय गांधींचा विमान अपघातात मृत्यू झाला.

गोष्ट तिथंच संपायची. पण त्याच वर्षी सरकारनं त्या बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आईच्या मनातली मुलाची आठवण त्यात नव्हती असं कोण म्हणेल? पण नुसत्या आठवणीवर कारखाना चालत नाही. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी परदेशी भागीदार शोधला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा हिस्सा २६ टक्के. गुरगावला जपानी शिस्त आली. साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, खानावळ एक. हे आपल्याकडच्या सरकारी कंपनीत घडत होतं, म्हणून लोकांना नवल वाटलं.

त्या सुमारास अख्ख्या देशात वर्षाला ४० हजारांच्या आसपास मोटारी बनत होत्या. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा एकट्या तिच्यासाठी सव्वा लाखाहून जास्त लोकांनी प्रत्येकी १० हजार रुपये भरले! वाट बघणं पुन्हा आलंच, पण त्यात आता वशिल्याऐवजी संगणकाची सोडत होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिवशी, इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. राजा नव्हे, कारखानदार नव्हे, मंत्री नव्हे. नोकरदार माणूस. किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. म्हणजे गरिबाची गाडी ती नव्हतीच. पण ज्यांनी मोटार हा शब्द कधी आपल्या घरखर्चाच्या वहीत लिहिला नव्हता, अशा वर्गाला ती पहिल्यांदा आवाक्यात आल्यासारखी वाटली.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून बघितल्या तर फरक लगेच कळतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मारुतीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तरी ताकद दोघींची सारखीच, चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या घरात, मारुतीचं साडेसहाशेच्या. म्हणजे तेवढ्याच ताकदीला पाव टन ओझं कमी. पद्मिनीची मागची चाकं गाडी ढकलायची, मारुतीची पुढची चाकं ओढायची. एक लिटर पेट्रोलमध्ये मारुती दीडपट तरी जास्त धावायची. हे सारं अभियंत्यांना माहीत. सामान्य माणसाला माहीत झालं ते एवढंच की, सकाळी किल्ली फिरवली की ती सुरू होते. ही साधी गोष्ट आपल्याकडे नवीन होती.

मामूंनी पहिल्यांदा मारुतीचं बॉनेट उघडलं तो दिवस मला आठवतो. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हिच्यात माझ्यासाठी काम ठेवलंच नाहीये." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. एका कारागिरानं दुसऱ्या कारागिरांना दिलेली दाद होती. पण वाक्याला दुसरी धार होतीच. पुढे गल्लीतली पोरं मारुतीही शिकली, शिकणारच. तरी दर काही महिन्यांनी गाडी घेऊन यायची, चहा प्यायचा, सुखदुःख बोलायचं, हा जो मालक आणि मिस्त्री यांच्यातला धागा होता, तो हळूहळू सैल झाला. नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागल्या. तिथं काचेपलीकडे गाडी आणि काचेअलीकडे मालक.

मारुती घरात आली ती घरातलं माणूस म्हणूनच. नवरा, बायको, दोन मुलं. आपण ज्याला चौकोनी कुटुंब म्हणतो ते तिच्यात नेमकं बसायचं. आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमेशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्यांच्या स्वप्नातून निघालेली गाडी अशी चौघांपुरती असावी, हा इतिहासाचा विनोद आहे की टोमणा, ते मला ठरवता आलेलं नाही. पण तिनं दिलेलं मोठं आहे. हलकं स्टिअरिंग, सोपा गिअर, त्यामुळे कितीतरी बाया तिच्यावर गाडी शिकल्या. ड्रायव्हर ठेवायची ऐपत लागेना. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागेना. कोल्हापूर-सांगलीच्या लहान गावांतून लोक आपल्या गाडीनं तुळजापूरला, अजमेरला जाऊन आले. स्वातंत्र्य या शब्दाचा एक छोटा, खासगी अर्थ त्या गाडीनं लोकांना दिला. त्याला नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही. ज्यांच्याकडे तीन पिढ्यांपासून मोटारी होत्या, त्यांना तर मुळीच नाही.

१९९३ मध्ये मोटारींचा परवानाच रद्द झाला आणि जगभरच्या कंपन्या आल्या. प्रीमियरला त्या लाटेत टिकता आलं नाही. परदेशी कंपन्यांबरोबर भागीदाऱ्या झाल्या, मोडल्या. नवं शतक लागता लागता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या त्या पट्ट्यात कारखान्यांच्या जागी आता उंच घरं आणि कचेऱ्या उभ्या आहेत. मारुती ८०० ची पाळी नंतर आली. एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे कडक नियम आधी तेराएक शहरांत लागू झाले आणि तिथं तिची विक्री बंद झाली. मुंबई, पुणे या यादीत होतीच, आणि वालचंदांचं सोलापूरही होतं. मधल्या काळात, २००७ मध्ये, सरकारनं मारुतीतला आपला उरलेला हिस्सा विकून टाकला होता. २०१४ मध्ये उत्पादन थांबलं तोवर देशात २६ लाखांहून जास्त मारुती ८०० विकल्या गेल्या होत्या.

म्हणजे दोघींनाही बाजारानं आणि हवेच्या नियमांनी निरोप दिला. त्यात अन्याय काही नाही. यंत्रानं म्हातारं व्हायचंच असतं. मला विचार पडतो तो दुसराच. टंचाईनं आपल्याला वाटून घ्यायला शिकवलं होतं, पण ते शिक्षण सक्तीचं होतं. पर्याय मिळताच आपण ते विसरलो. ज्याला जमलं त्यानं आपली गाडी घेतली, दारं लावली, काचा वर केल्या. आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर एकेका गाडीत एकेक माणूस बसून तासन् तास खोळंबलेला दिसतो. प्रत्येकाकडे गाडी आहे आणि कुणीच पुढे सरकत नाही. आता आपण पुन्हा मेट्रो, बस, भाड्याची मोटार यांच्याकडे आशेनं बघतो आहोत. मोबाइलवर बोलावलेली मोटार येते. तिचा चालक आपलं नाव वाचून घेतो, आपण त्याचं वाचतो, आणि बोलणं बहुतेक तिथंच संपतं.

पद्मिनी परत यावी असं मला वाटत नाही. रांगा, वशिले आणि काळा बाजार परत यावा असं कुणाला वाटेल? मारुती आली नसती तर आपण आणखी किती वर्षं एकाच गाडीला जग समजत बसलो असतो, देव जाणे. पण मारुतीनं दिलेलं सुख आणि पद्मिनीनं दिलेला शेजार, या दोन्ही गोष्टी एका शहराला लागतात. एकीच्या हिशेबात दुसरीची किंमत धरायची राहून गेली, एवढंच माझं म्हणणं आहे.

हरपाल सिंगांची ती पहिली मारुती दुरुस्त करून, रंगवून २०२२ मध्ये कंपनीच्या मुख्यालयात मानानं ठेवली गेली. शास्त्रीजींची फियाट त्यांच्या स्मारकात आहे. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेनंही २०२३ मध्ये सरकारकडे मागणी केली होती की, एक तरी काळी-पिवळी पद्मिनी जतन करावी. मागणी रास्त आहे. मात्र ती ठेवताना नुसती धुऊनपुसून ठेवू नये. तिचं बाहेर बसवलेलं मीटर ठेवावं, टपावरचं कॅरिअर ठेवावं. शेजारी तिची दुरुस्ती करणाऱ्यांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा एक तुकडाही ठेवावा. आणि बॉनेट उघडं असावं, म्हणजे येणाऱ्या पोरांना वाकून आत बघता येईल.